जिथं वाफा असतात, तिथली वीज

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, टँकरमध्ये इथेनॉल भरतात त्या पंपाजवळ आपण कधी उभे राहिला असाल, तर तिथली मोटर जरा वेगळी दिसली असेल. तिचा टर्मिनल बॉक्स बिडाचा, जाड. झाकणाला नेहमीपेक्षा जास्त बोल्ट. केबल आत शिरते तिथं पितळेची भरभक्कम ग्लँड. डोक्यावरच्या दिव्यालाही जाड काच आणि काचेवर लोखंडी जाळी. कारखान्यात या सगळ्याला एकच नाव आहे : एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ.

ही पेटी हवाबंद असते, बाहेरची वाफ तिच्यात शिरतच नाही, असं वायरमनपासून मालकापर्यंत पुष्कळांना वाटतं. तसं नाही. वाफ आत शिरणारच, हे धरूनच ती बनवलेली असते. हा मुद्दा पक्का कळला की पुढचे निम्मे नियम आपोआप कळतात. तो कळला नाही, तर चांगल्या हेतूनं केलेली दुरुस्तीही पेटी निकामी करून ठेवते. म्हणून सुरुवातीपासून एकेक पायरी घेत जाऊ. विजेची फारशी माहिती नसली तरी अडचण नाही.

आधी वाफ

इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवाच्या वर पेटू शकेल एवढी वाफ जमते ते तापमान. आपल्याकडे १३ अंशांच्या खाली पारा जातो तो थंडीतल्या काही पहाटे. म्हणजे इथेनॉल सांडलं, की पेटू शकणारी वाफ तयार झालीच असं समजावं.

पण वाफ आहे म्हणून ती पेटेलच असं नाही. हवेत इथेनॉलची वाफ सुमारे ३.३ टक्क्यांहून कमी असेल तर मिश्रण पातळ पडतं, पेटत नाही. या खालच्या मर्यादेला कारखान्यात एलईएल म्हणतात. वाफ १९ टक्क्यांच्या वर गेली तर हवा अपुरी पडते आणि तेव्हाही पेटत नाही. धोका या दोन मर्यादांच्या मधे असतो.

आता बंद टाकीत, द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत काय होतं पाहा. २० अंशांना तिथं इथेनॉलची वाफ साधारण ६ टक्के असते आणि ४० अंशांना जवळपास १८. दोन्ही आकडे ३.३ आणि १९ च्या मधले! महाराष्ट्राच्या हवामानात इथेनॉलच्या टाकीतली हवा वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस पेटण्याजोगी असते. पेट्रोलच्या टाकीचं उलट आहे. तिथं वाफ इतकी दाट असते, की नेहमीच्या तापमानाला मिश्रण वरच्या मर्यादेच्या पलीकडे जातं. पेट्रोलच्या डेपोत काम करून डिस्टिलरीत आलेल्या माणसानं हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्यायला हवा.

आणखी दोन गोष्टी. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जड असते. ती वर उडून जात नाही, खाली उतरते आणि पंपाच्या खड्ड्यात, गटारात, केबलच्या ट्रेंचमध्ये साचते. शिवाय इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात ती धड दिसतही नाही.

ही वाफ वीज दोन प्रकारे पेटवू शकते. एक, ठिणगीनं. स्विच उघडताना, कॉन्टॅक्टर सुटताना, टर्मिनलवरचा लग सैल असताना ठिणगी पडते. पेट्रोलसारख्या बहुतेक इंधनांच्या वाफेला पेटायला मिलिज्यूलच्या पाव भागाएवढी ऊर्जा पुरते. हायड्रोजनला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी लागते. साध्या स्विचची ठिणगी याच्या कितीतरी पट मोठी असते. दुसरा प्रकार तापलेल्या पृष्ठभागाचा. ठिणगी न पडताही मोटरचं अंग किंवा दिव्याची काच पुरेशी तापली, तर तिला लागून असलेली वाफ आपोआप पेटते. ठिणगी दिसते म्हणून लक्षात राहते, तापलेलं अंग मात्र नजरेतून सुटतं.

पहिली पायरी : वाफ कुठे आणि किती वेळ

कोणतं उपकरण घ्यायचं हा प्रश्न नंतरचा. आधी जागेचे भाग पाडावे लागतात. या भागांना झोन म्हणतात. वाफ सतत किंवा दीर्घकाळ असते तो झोन शून्य. रोजच्या कामात अधूनमधून येण्याची शक्यता असते तो झोन एक. एरवी येत नाही, आली तर बिघाडामुळे आणि थोड्याच वेळापुरती, तो झोन दोन. अंदाजासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात : वर्षाला हजार तासांहून जास्त असेल तर शून्य, दहा ते हजार तास असेल तर एक, दहा तासांहून कमी असेल तर दोन.

डिस्टिलरीत टाकीच्या आत झोन शून्य येतो. टाकीच्या व्हेंटच्या तोंडाशी, नमुना काढतात तिथं झोन एक. मोकळ्या हवेतल्या पंपाच्या सीलभोवती बहुधा झोन दोन. मात्र त्याच पंपाशेजारी खड्डा असेल तर खड्ड्यात झोन एक धरतात, कारण जड वाफ तिथून हलत नाही. भारतात या विभागणीसाठी आयएस ५५७२ हे मानक आहे आणि तिचा रीतसर नकाशा काढून ठेवायचा असतो.

इथं नेहमीची चूक अशी, की नकाशा कारखाना उभा राहिला तेव्हाचा असतो आणि कारखाना तेवढाच राहिलेला नसतो. मधल्या काळात एक पंप वाढलेला असतो, मोकळ्या शेडला पावसासाठी तीन बाजूंनी पत्रे लागलेले असतात. पत्रे लागले की वारा थांबतो आणि कालचा झोन दोन आज झोन एक होतो. पत्रे ठोकणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं, आणि इलेक्ट्रिकल विभागाला पत्रे ठोकल्याचं कुणी कळवत नाही.

नकाशा हातात आला की एकच प्रश्न विचारावा : हे उपकरण इथं असायलाच हवं का? स्टार्टर पॅनेल, सॉकेट, डिस्ट्रिब्यूशन बोर्ड हे सगळं वाफेच्या पट्ट्याबाहेर, भिंतीपलीकडच्या खोलीत नेता आलं तर उत्तम. आत राहू द्यावं ते मोटर, दिवा, बटण आणि मोजमापाची उपकरणं एवढंच. महागड्या एफएलपी पेटीपेक्षा वीस मीटर जादा केबल स्वस्तही पडते आणि खात्रीचीही असते. मात्र केबल त्या खोलीत शिरते तिथलं भोक बुजवायला आणि ट्रेंच वाळूनं भरायला विसरू नये, नाहीतर वाफ ट्रेंचमधून चालत पॅनेलपर्यंत जाते.

दुसरी पायरी : वाफ कोणती

सगळ्या वाफा सारख्या नसतात, म्हणून त्यांचे गट केलेले आहेत. कारखान्यातले वायू दुसऱ्या गटात येतात आणि त्याचे तीन भाग आहेत : टू-ए, टू-बी, टू-सी. पहिला गट खाणींतल्या मिथेनसाठी राखलेला आहे. गट ठरवताना एक मोजमाप घेतात. दोन सपाट धातूंच्या मधल्या किती बारीक फटीतून त्या वायूची ज्योत पलीकडे जाऊ शकत नाही? प्रोपेनसारख्या टू-ए वायूंना ०.९ मिलिमीटरपर्यंतची फट अडवते. टू-बी साठी ती ०.५ ते ०.९ मिलिमीटर लागते. हायड्रोजन आणि ॲसिटिलीन हे टू-सी मधले, त्यांना अर्ध्या मिलिमीटरची फटही मोठी होते. इथेनॉलचा आकडा ०.८९ आहे. म्हणजे टू-ए च्या सीमेला अगदी लागून, पण टू-बी मध्ये. जुन्या मोटरवर टू-ए लिहिलेलं असेल तर ते मुद्दाम तपासून घ्या.

दुसरं मोजमाप तापमानाचं. वाफ कुठल्या तापमानाला आपोआप पेटते ते पाहून उपकरणाच्या अंगाला मर्यादा घातली जाते. तिला तापमान वर्ग म्हणतात. टी-१ म्हणजे अंग ४५० अंशांच्या वर जाणार नाही, टी-२ म्हणजे ३००, टी-३ म्हणजे २००, टी-४ म्हणजे १३५, टी-५ म्हणजे १०० आणि टी-६ म्हणजे ८५. आकडा जितका मोठा तितकं उपकरण थंड, हे उलटं वाटतं आणि खरेदीत इथंच घोळ होतो.

गट आणि तापमान वर्ग यांचा एकमेकांशी संबंध नाही. हायड्रोजन गटानं सगळ्यांत अवघड, पण आपोआप पेटायला त्याला ५०० अंशांहून जास्त लागतात, म्हणून त्याला टी-१ चालतो. रेयॉन बनवताना लागणारा कार्बन डायसल्फाइड शंभर अंशांच्या आसपास पेटतो, त्याला टी-६ च हवा. ‘टू-सी घेतलंय, म्हणजे सगळ्याला चालेल’ हे म्हणणं म्हणून धोक्याचं आहे.

आता आपल्या हवेशी थेट संबंध असलेली गोष्ट. पाटीवर वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर या उपकरणांचं प्रमाणपत्र उणे २० ते अधिक ४० अंश एवढ्याच बाहेरच्या तापमानासाठी असतं. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथं मे महिन्यात सावलीत ४५ अंश होतात, आणि पत्र्याखाली, बॉयलरच्या शेजारी त्याहून जास्त. ४० अंशांसाठी तपासलेली मोटर तिथं टी-४ राहील याची हमी कुणीच दिलेली नाही. विदर्भ-मराठवाड्यासाठी ऑर्डर देताना बाहेरचं तापमान ५० किंवा ५५ अंश धरा, असं लेखी कळवावं आणि माल आल्यावर पाटीवर तो आकडा आहे का ते पाहावं. युरोपात बसून ठरलेली ४० ची मर्यादा आपल्या उन्हाळ्याला पुरत नाही.

तिसरी पायरी : बचावाच्या पद्धती

पहिली पद्धत फ्लेमप्रूफ. मोटर चालते तेव्हा तापते, थांबली की निवते. तापली की आतली हवा फटीतून बाहेर पडते आणि निवली की बाहेरची हवा, वाफेसकट, आत ओढली जाते. कधीतरी आत ठिणगी पडते आणि पेटीच्या पोटात स्फोट होतो. तो होऊ द्यायचा, हेच या पद्धतीचं मर्म आहे. पेटी इतकी दणकट असते, की स्फोटाचा दाब ती सोसते. पेटलेला वायू झाकण आणि बॉक्स यांच्या मधल्या बारीक, लांब फटीतून बाहेर येतो. त्या वाटेवर दोन्ही बाजूंना थंड धातू असतो. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो, तसा पातळ पसरलेला वायू त्या फटीत झटकन निवतो आणि बाहेर येईपर्यंत त्याच्यात बाहेरची वाफ पेटवण्याची ताकद उरत नाही. या वाटेला फ्लेमपाथ म्हणतात.

कल्पना जुनी आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींसाठी दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली ती याच तत्त्वावर. जाळीतून जाताना ज्योत निवत असे आणि बाहेरचा मिथेन पेटत नसे.

म्हणजे फट हा पेटीचा दोष नाही, तोच तिचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ती मोजून ठेवलेली असते. ती वाढली तर ज्योत बाहेर येते. ती आपल्या मनानं बुजवली, तर पेटी जशी तपासली होती तशी राहत नाही.

दुसरी पद्धत इन्क्रीज्ड सेफ्टी, वाढीव सुरक्षा. इथं ठिणगी पडूच नये अशी रचना करतात. टर्मिनलमधलं अंतर वाढवलेलं, सैल न होणारे स्क्रू, धूळ-पाणी न शिरणारं आवरण. जंक्शन बॉक्सला आणि काही मोटरना ही पद्धत चालते, ज्याच्या कामातच ठिणगी पडते त्या स्विचला नाही. अशा बॉक्समध्ये जागा दिसली म्हणून बाजारातली साधी कनेक्टर पट्टी बसवली, की मूळ हेतूच संपतो. अशा मोटरचा रोटर अडकला तर ठरावीक सेकंदांत ती ट्रिप झाली पाहिजे. ती वेळ पाटीवर दिलेली असते आणि रिले तिच्याशी जुळवावा लागतो.

तिसरी इन्ट्रिन्सिक सेफ्टी. इथं सर्किटमध्ये ऊर्जाच इतकी कमी ठेवतात, की तार तुटली किंवा शॉर्ट झाली तरी पडलेली ठिणगी वाफ पेटवू शकत नाही. या विचारामागे मोठं दुःख आहे. १४ ऑक्टोबर १९१३ ला वेल्समधल्या सेंगेनिथच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. इशाऱ्याच्या घंटेच्या तारांतली ठिणगी हे एक संभाव्य कारण मानलं गेलं. बॅटरीवर चालणाऱ्या घंटेतून काय होणार, ही समजूत त्यानंतर टिकली नाही, आणि किती लहान ठिणगी निर्धोक याचा कसून अभ्यास सुरू झाला. आज टाकीतल्या लेव्हल ट्रान्समीटरला हीच पद्धत वापरतात. वाफेबाहेरच्या खोलीत बॅरियर नावाचं उपकरण असतं, ते दाब आणि प्रवाह अडवून धरतं. या केबल बहुधा निळ्या असतात. ट्रेमध्ये जागा नाही म्हणून त्या पॉवर केबलबरोबर बांधून टाकल्या, तर बाहेरची ऊर्जा त्यांच्यात शिरू शकते आणि बॅरियर असून नसल्यासारखा होतो.

पेटीत स्वच्छ हवा दाबानं भरत ठेवायची, म्हणजे वाफ आत येणारच नाही, अशीही पद्धत आहे. मोठ्या पॅनेलला ती सोयीची पडते. तिथं आधी ठरलेला वेळ हवा सोडून आतली जुनी हवा काढून टाकावी लागते, वीज त्यानंतर. घाईत हा वेळ गाळण्यासाठी टायमर बायपास केला जातो. तसं कुणी केलेलं आढळलं तर ते पॅनेल त्याच क्षणी बंद करायला सांगावं.

चौथी पायरी : पाटी वाचणं

या उपकरणांच्या पाटीवर षटकोनात ‘एक्स’ ही खूण किंवा ‘एक्स’ने सुरू होणारी एक ओळ असते. ‘एक्स डीबी, टू-बी, टी-४, जीबी’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ असा : फ्लेमप्रूफ पद्धत, टू-बी गटापर्यंतच्या वाफांना चालेल, अंग १३५ अंशांच्या आत राहील, आणि शेवटच्या अक्षरांप्रमाणे झोन एक व दोनमध्ये वापरता येईल. ‘जीए’ असेल तर झोन शून्यातही चालतं, ‘जीसी’ फक्त झोन दोनमध्ये.

प्रमाणपत्राचा क्रमांकही पाहा. त्याच्या शेवटी इंग्रजी ‘एक्स’ हे अक्षर जोडलेलं असेल तर काही खास अटी आहेत असं समजावं. त्या अटी पाटीवर नसतात, मूळ प्रमाणपत्रात असतात. म्हणून उपकरणाबरोबर कागदही मागून घ्यायचा आणि फायलीला लावायचा. आपल्याकडे धनबादची केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था, म्हणजे सिंफर, अशा उपकरणांच्या चाचण्या करते. पेट्रोलियमच्या साठवणुकीत वापरायच्या उपकरणांना पेसोची, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची, मंजुरी लागते. पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे. १८९८ साली स्फोटके विभाग म्हणून तिची सुरुवात झाली.

बाजारात जाड बिडाची, हुबेहूब एफएलपीसारखी दिसणारी पेटी बिनकागदाची मिळते. ती घेऊ नये. वजनावरून पेटी पारखता येत नाही.

पाचवी पायरी : बसवणं

आता आपण त्या जागी आलो जिथं चांगलं उपकरण वाया जातं. पेटी प्रमाणित असते, पण तिच्यात शिरणारी केबल ग्लँडमधून येते, आणि ग्लँड साधी असेल तर फ्लेमपाथला तिथंच भगदाड पडतं. ग्लँड पेटीच्या गटाची, प्रमाणित, केबलच्या जाडीला नेमकी बसणारी हवी. केबल बारीक आणि ग्लँड मोठी असेल तर टेप गुंडाळून जाडी वाढवतात, तसं मुळीच चालत नाही. ग्लँड फिरवताना किमान पाच पूर्ण आटे आत गुंतले पाहिजेत. आटे वेगळ्या मापाचे असतील तर प्रमाणित ॲडॅप्टर घ्यावा.

पेटीला तीन भोकं आणि केबल एकच, असं नेहमी होतं. उरलेली दोन भोकं प्रमाणित धातूच्या प्लगनं बंद करायची असतात. पेटी नवी येते तेव्हा त्यांत प्लास्टिकची टोपणं असतात, ती फक्त वाहतुकीत धूळ जाऊ नये म्हणून. कित्येक ठिकाणी ती वर्षानुवर्षं तशीच असतात. आतला स्फोट ते टोपण क्षणभरही थोपवू शकत नाही.

पेटीच्या फटीसमोर मोकळी जागाही हवी. भिंत, पाइप, चॅनेल फटीला चिकटून असेल तर बाहेर येणारा वायू निवत नाही. टू-ए साठी किमान १० मिलिमीटर, टू-बी साठी ३० आणि टू-सी साठी ४० मिलिमीटर अंतर लागतं. आणि अर्थिंग : पेटीला आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन जागा दिलेल्या असतात. बाहेरची पट्टी जोडली म्हणून आतली सोडू नये.

सहावी पायरी : उघडणं आणि बंद करणं

हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण या सगळ्या व्यवस्थेचा भार शेवटी इथं येतो. प्रमाणपत्र मिळतं ते कारखान्यातून नवीन निघालेल्या पेटीला. दहा वर्षांनी ती सुरक्षित आहे की नाही, हे तिला शेवटचं कुणी आणि कसं बंद केलं यावर ठरतं.

आधी वर्क परमिट घ्यायचं, वीज मूळ ठिकाणी बंद करून कुलूप लावायचं, हवेतली वाफ मीटरनं मोजायची. झाकणावरच ‘वीज चालू असताना उघडू नये’ असं लिहिलेलं असतं. वीज बंद केल्यावरही थोडं थांबावं लागतं, आतला भाग निवायला आणि कपॅसिटर असेल तर तो रिकामा व्हायला.

बोल्ट सोडताना ते एका डब्यात ठेवा आणि मोजा. झाकण कडेवर टेकवून ठेवू नका. त्या घासून गुळगुळीत केलेल्या कडा म्हणजेच फ्लेमपाथ, तिथं पडलेला एक खोल ओरखडा ज्योतीला वाट करून देतो. झाकण स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याची सवय याच कारणानं वाईट. गंज किंवा जुनं ग्रीस काढायला लाकडाची वा प्लास्टिकची पट्टी वापरा, एमरी पेपर किंवा वायर ब्रश नको. पुसून झाल्यावर न वाळणाऱ्या, उत्पादकानं सांगितलेल्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

आता तीन गोष्टी ज्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात सापडतात. पहिली, रंग. दसऱ्याच्या आधी सगळी यंत्रं रंगवतात, तेव्हा झाकण उघडं असेल तर ब्रश कडेवरूनही फिरतो. रंगाच्या थरामुळे झाकण नीट बसत नाही आणि फट वाढते. दुसरी, सिलिकॉन. पावसाचं पाणी जातं म्हणून कडेवर सिलिकॉन सीलंट भरतात किंवा घरी कापलेलं रबरी गॅस्केट घालतात. पेटी हवाबंद करण्याची ही धडपड त्या जुन्या गैरसमजातून येते. गॅस्केटच्या जाडीएवढं झाकण वर उचललं जातं, आणि स्फोटात गॅस्केट फाटून गेलं की तेवढी फट उघडी पडते. शिवाय सिलिकॉनच्या वाफेनं जवळपासच्या गॅस मीटरचे काही प्रकारचे सेन्सर कायमचे बाद होतात. पाण्याचा त्रास असेल तर वर पत्र्याची छत्री बसवावी किंवा उत्पादकाकडून योग्य पेटी मागवावी.

तिसरी गोष्ट बोल्ट. दहापैकी दोन हरवलेले, एक दुसऱ्याच मापाचा, एक अर्धाच आवळलेला. स्फोटाचा दाब सगळ्या बोल्टांनी वाटून घ्यायचा असतो. एक नसला की त्या जागी झाकण क्षणभर उचलतं, आणि ज्योतीला तेवढं पुरतं. बोल्ट त्याच मापाचा आणि त्याच ताकदीचा हवा. स्टीलचा चकचकीत बोल्ट मूळच्यापेक्षा मऊ असू शकतो.

बंद केल्यावर फिलर गेज घ्या, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पट्ट्यांचा तो संच. कागदावर दिलेल्या कमाल फटीपेक्षा जाड पट्टी चारही बाजूंनी आत जाता कामा नये. दहा मिनिटांचं काम आहे. ते करून नोंदवहीत लिहिलं, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असं म्हणावं.

मोटर जळली की जवळच्या दुकानात रिवाइंडिंगला जाते, तिथं वेगळी काळजी हवी. शाफ्ट आणि बेअरिंगचं झाकण यांच्या मधली फटही फ्लेमपाथच असते. लेथवर थोडं जास्त घासलं गेलं की मोटर छान चालते, पण फ्लेमप्रूफ उरत नाही. या कामाची माहिती आणि मोजमापं ठेवणाऱ्या दुरुस्ती केंद्राकडेच ती द्यावी. एफएलपी मोटरवर नंतर व्हीएफडी, म्हणजे वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, लावायचा असेल तर तिच्या प्रमाणपत्रात तशी परवानगी आहे का ते पाहा. कमी वेगावर मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि अंग तापतं. दिव्यात जादा वॉटचा बल्ब लावला तरी तेच होतं.

धुळीचं वेगळं गणित

साखर कारखान्यातच दुसरा धोका असतो आणि त्याकडे कमी लक्ष जातं : साखरेची धूळ. बारीक साखर, पीठ, कडधान्याची भुकटी हवेत उडाली की स्फोट होऊ शकतो. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथं साखर शुद्धीकरण कारखान्यात असा स्फोट झाला आणि १४ जण दगावले. सायलोखालचा कन्व्हेयर बेल्ट बंदिस्त केलेला होता, तिथं साखरेची धूळ कोंडली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगनं ती पेटली. पहिल्या धक्क्यानं इमारतभर साचलेली धूळ उडाली, आणि खरी हानी तिच्या एकामागून एक झालेल्या स्फोटांनी केली.

धुळीसाठी झोन २०, २१, २२ असे वेगळे असतात आणि उपकरणही वेगळं : धूळ आत जाऊच नये असं. वाफेसाठीची एफएलपी पेटी धुळीलाही चालेल असं धरू नका, पाटीवर तसं स्वतंत्र लिहिलेलं हवं. मोटरवर धुळीचा थर बसला की तो गोधडीचं काम करतो आणि आतलं तापमान वाढत जातं. प्रमाणित मोटरची मर्यादासुद्धा जेमतेम पाच मिलिमीटरचा थर धरून ठरवलेली असते. त्यामुळे इथं झाडलोट हाच सुरक्षेचा भाग आहे, आणि ती कॉम्प्रेस्ड एअरच्या नळीनं करू नये, त्यानं धूळ हवेत उडते.

यंदाच्या ऑफ सीझनला

तपासणीचे तीन प्रकार आहेत. नुसत्या डोळ्यांनी पाहणं, पाना आणि शिडी घेऊन जवळून पाहणं, आणि वीज बंद करून पेटी उघडून पाहणं. मानकाप्रमाणे दोन तपासण्यांमधलं अंतर तीन वर्षांपेक्षा जास्त नसावं. गंज, कंप आणि वाफ असलेल्या डिस्टिलरीत मी तर दर वर्षी म्हणेन.

आपण डिस्टिलरीत, सॉल्व्हंटच्या युनिटमध्ये किंवा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात काम करत असाल, तर यंदा शटडाऊनचं वेळापत्रक ठरताना या पेट्यांसाठी वेगळे दिवस मागून घ्या. गळीत सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात हे काम नीट होत नाही. आधी सगळ्या पेट्यांना क्रमांक द्या, यादी करा. मग रिकामी भोकं, हरवलेले बोल्ट आणि कडेवरचा रंग एवढ्या तीनच गोष्टी पाहत एक फेरी मारा. जे सापडेल ते वरिष्ठांना लेखी द्या. आणि आपण स्वतः वरिष्ठ असाल, तर वायरमनला मूळ मापाचे बोल्ट, प्रमाणित प्लग आणि एक फिलर गेज आजच मागवून द्या.